जराथांबा आणि ताईचं मशीन

"तुमचा भाऊ नेमकं करतो काय हो?"

शिवणकाम करणाऱ्या ताईला बाह्यांच्या मापाखालोखाल हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जायचा. गिऱ्हाईक हात पसरून माप देत उभं असायचं, कोपऱ्यातल्या टीव्हीवर महापौरबाई बोलत असायच्या आणि त्यांच्या डाव्या खांद्यामागे ताईचा धाकटा भाऊ हात मागे बांधून उभा असायचा, कुणाच्या तरी लग्नात चुकून फोटोत आल्यासारखा.

"सल्लागार आहे," ताई तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणायची.

"कसला?"

"जनसंपर्काचा."

"बोलतात तर त्या. मग ह्याचं काम काय?"

इथं ताईची गाडी अडायची. खरं सांगायचं तर हे कोडं तिलाही पडलेलं होतं. माणूस शिंपी असला की कपडा दिसतो, गवंडी असला की भिंत दिसते. ह्याचं काय दिसायचं? दुसऱ्याच्या तोंडातून निघालेलं वाक्य. ते ह्याचं म्हणून ओळखायचं तरी कसं?

सुरुवात साधी होती. एका वर्तमानपत्रात तो मुद्रितं तपासायचा. एकदा नेहमीचे स्तंभलेखक आजारी पडले, अर्धं पान रिकामं राहायची वेळ आली आणि घाबऱ्याघुबऱ्या संपादकांनी समोर दिसला त्याला धरलं. समोर हा होता.

त्याच आठवड्यात पालिकेचे लोक दवाखान्याच्या पायऱ्यांचा कठडा कापायला आले होते. खालच्या वस्तीतून वरच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या ह्या एकशे बारा पायऱ्या. त्यांच्या कठड्याला दोन दांडे होते, एक कमरेपाशी आणि एक पार गुडघ्यापाशी. खालचा दांडा बिनकामाचा, तो भंगारात काढा, असं कुणा अधिकाऱ्यानं ठरवलं होतं. हा पठ्ठ्या दोन दिवस वस्तीभर विचारत फिरला, की हा दांडा लावला कुणी आणि कशाला? शेवटी एका म्हाताऱ्या वेल्डरनं सांगितलं. वरच्या दवाखान्यात पायाला पट्टे बांधलेली मुलं चालायला शिकायला येतात. त्यांचा हात तेवढाच पोचतो.

ह्यानं ते लिहिलं. शेवटी एवढंच म्हटलं, की एखादी गोष्ट का लावली हे कळेपर्यंत ती काढू नये. लेखाचं नाव होतं 'जरा थांबा'. दांडा वाचला, स्तंभाला तेच नाव पडलं आणि पुढे माणसालाही. शहर त्याला जराथांबा म्हणू लागलं.

त्याचं सगळं राजकारण त्या एका वाक्यात मावत होतं. सुधारणावाले त्याला मागासलेला म्हणायचे, परंपरावाले आपला म्हणायचे, आणि तो दोघांनाही जरा थांबा म्हणायचा. कधीकधी अतीच करायचा. ताईनं मशीनला मोटर बसवायचं काढलं तेव्हा ह्यानं खुर्ची ओढून अर्धा तास व्याख्यान दिलं. पायानं चालतंय ना, मग मोटर कशाला? गुडघे ताईचे दुखत होते, ह्याचं काय जात होतं! तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मोटर बसवली.

लेख छापायला देण्याआधी तो ताईला वाचून दाखवायचा. दर गुरुवारी दुपारी कापडाच्या ढिगाशेजारच्या स्टुलावर बसायचं आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून वाचायचं. त्यामुळे वाक्यं आपोआप आखूड झाली. मशीन थांबलं की तोही थांबायचा. ताईकडे बघायचा. तेच वाक्य परत वाचायचा आणि बहुतेक वेळा त्यावर काट मारायचा.

आता ह्यातली मेख ऐका. ताई ऐकतच नव्हती.

मशीन थांबायचं ते धागा तुटला म्हणून, बॉबिन संपली म्हणून, नाहीतर कॉलर वळवायची होती म्हणून. पहिल्यांदा त्यानं काट मारली तेव्हा ती सांगणारच होती. पण तो इतक्या गंभीर चेहऱ्यानं बघत होता की तिच्या जिवावर आलं. मग महिना गेला, वर्ष गेलं, आणि एवढ्या उशिरा सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? तेव्हा शहरातल्या परंपरावादी विचाराचं संपादन बावीस वर्षं एका बॉबिननं केलं, असं म्हणायला हरकत नाही. ताईला ह्याचं हसू यायचं आणि अपराधीही वाटायचं.

लेखांमागून टीव्हीवरच्या चर्चा आल्या. बाकीचे घसा फोडून भांडायचे, हा आपली पाळी आली की हळूच विचारायचा, "हे आधी होतं ते का होतं, कुणी विचारलंत का?" लोकांना ते आवडलं. त्याच्याच विचारांच्या पक्षाच्या महापौरबाई निवडून आल्या आणि त्यांनी त्याला बोलावून घेतलं. भाषणं लिहायची, पत्रकारांना काय सांगायचं ते ठरवायचं, काय सांगायचं नाही ते आधी ठरवायचं. वाचन मात्र ताईसमोरच व्हायचं. फक्त गुरुवारचा नेम सुटला, भाषण असेल त्याच्या आदल्या दुपारी तो यायचा.

तसाच तो त्या दुपारी आला. स्टुलावर बसला, पाणी प्यायला, कागद काढले.

"उद्या अकराला आहे. हे नीट पार पडलं ना ताई, तर पुढची पाच वर्षंही मीच."

"आणि नाही पडलं तर?"

"छप्पन्नाव्या वर्षी मला कोण विचारतंय?" तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

तो वाचू लागला आणि मशीन धावू लागलं. का कोण जाणे, त्या दिवशी ताई ऐकत होती. दवाखान्याच्या पायऱ्या पाडून तिथं गाड्यांसाठी मोठी इमारत उभी राहणार होती. दवाखान्याला पलीकडून रस्ता होता, गाडीनं सुखात जाता येणार होतं.

"आणि मोजणीत स्पष्ट झालं आहे," तो वाचत होता, "की ह्या पायऱ्या आता कुणीही वापरत नाही."

ताईच्या हाताखालून शिवण सरळ पुढे जात होती. सकाळपासून तिच्याकडे तीन बायका आल्या होत्या, तिघीही त्याच पायऱ्यांवरून, धापा टाकत. एकीच्या हाताला धरून पट्टे बांधलेली नात होती. वाक्य तर संपलंच होतं. तो पुढचं वाचायला लागला असता, उद्या अकरा वाजले असते, पाच वर्षं त्याच्या पदरात पडली असती. पाठचा भाऊ होता तो. तिनं फक्त पेडलवरचा पाय उचलायचा नाही, एवढंच करायचं होतं.

तिनं पाय उचलला.

खोलीत एकदम शांत झालं. त्यानं कागदावरून वर पाहिलं.

"धागा तुटला?"

ताई चमकलीच. बावीस वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच महिन्यात कळलं. सुईत धागा ओवताना तू एक डोळा मिटतेस. वाक्य पटलं नाही म्हणून कुणी एक डोळा मिटतं का?"

"मग मेल्या, वाक्यं का खोडायचास?"

"मशीन थांबलं की मला परत वाचावं लागायचं. परत वाचलं की बरीचशी खोडावीशीच वाटायची." तो थांबला. "सांग ना. धागा तुटला का?"

तो हो ऐकायलाच बसला होता, हे तिला दिसत होतं. तिला त्याची फार दया आली.

"नाही रे," ती म्हणाली. "धागा आहे तसाच आहे."

त्यानं वाक्य परत वाचलं, ह्या वेळी मनातल्या मनात.

"मोजणी कधी केली होती?" ताईनं विचारलं.

"रविवारी."

"दवाखाना रविवारी बंद असतो."

"मी फाइलीतून घेतलं, ताई." तो म्हणाला. "बघायला गेलोच नाही."

कागदाची घडी घालून तो उठला आणि निघून गेला. नेहमीसारखं 'येतो' म्हणायचंही त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला ताईनं मशीन बंद ठेवून टीव्ही लावला. महापौरबाई छान बोलल्या. मोजणीचं वाक्यही आलं, अगदी जसंच्या तसं. त्यांच्या डाव्या खांद्यामागे मात्र एक चष्मेवाला तरुण उभा होता.

दीड वाजता जराथांबा दारात आला. घामाघूम झालेला, नाक उन्हानं लाल. हातात पेन्सिलीच्या रेघांनी भरलेला कागद होता.

"काल संध्याकाळी गेलो होतो बाईंकडे. म्हटलं, हे खोटं आहे. त्या म्हणाल्या, उद्या यायची तसदी घेऊ नका." तो स्टुलावर टेकला. "आठ ते एक, सहाशे चौदा माणसं. त्यातली एकोणीस मुलं खालचा दांडा धरून. उद्या परत बसणार आहे, परवाही. मग छापून घेईन कुठंतरी."

ताईनं त्याला पाणी दिलं.

"आता गिऱ्हाइकांना काय सांगू? तू नेमकं करतोस काय?"

त्यानं ग्लास रिकामा केला आणि कागद मांडीवर नीट पसरला.

"सांग, पायऱ्यांवर बसतो," तो म्हणाला. "आणि तू मशीन चालू कर बघू, मला वाचायचंय."