सरली की सरी

"मी न्हाई जायाची, डाक्टर. तुमचं तोंड काय गहाण पडलंय व्हय?"

सकवारबाई आयानं वॉर्डाच्या दारात बादली आदळली. आत कोपऱ्यातल्या खाटेवर देवाप्पाची बायको नुकतीच गेली होती. बाहेर व्हरांड्यात देवाप्पा तिच्यासाठी शहाळं घेऊन बसला होता. डॉक्टर सुधींद्र इथल्याच चामराजपेट भागातला, घरी मराठी बोलणारा. त्यानं गोडीगुलाबीनं घेतलं. "अक्का, जरा जाऊन देवाप्पाला सांग की. तुला बरं जमतं."

"जमतं म्हनं! मुकाट गिळलं म्हनून जमलं व्हय?"

साठ सालच्या आसपासचं बंगळूर. बाई लागली होती फरशी पुसायला, पण कानडी, तमिळ, उर्दू सगळं जिभेवर. मग कुणी मेलं की डॉक्टर म्हणायचे, सकवारला धाडा. ती जायची, छाती बडवणाऱ्यांना कवेत धरायची, त्यांचं रडं पदराला पुसून परत झाडू धरायची. असं करता करता आतली विहीर आटली. सख्खा भाऊ गेला तरी डोळा ओला झाला नाही. भावजय म्हणाली, "बाई हैस का धोंडा?"

आणि गेल्या महिन्यात म्हाताऱ्या गंगव्वाचा पोरगा याच वॉर्डात दगावला. सकवारचं डोकं इतकं शिणलेलं, की कानडी शब्द सापडेना. घोगऱ्या गळ्यातून घरचाच निसटला, "सरली गं, वेळ सरली." गंगव्वाच्या कानावर पडलं 'सरी'. कानडीत सरी म्हणजे 'झालं ठीक'; तिला वाटलं, पोरगा बरा झाला. म्हातारीनं सकवारची अलाबला घेतली अन् पोरासाठी गंजी, भाताची पेज, आणायला धावली. तिला फाटकात गाठून, खरं काय ते सांगून सकवारनं त्या पोराला दुसऱ्यांदा मारलं.

सुधींद्रचा आवाज चढला. "मोठ्या साहेबांना सांगेन. नोकरी जाईल."

"सांगा की! तिथं बरं तोंड उघडतंय! गू काढीन, मढं धुईन, ते माझं काम. नाडी तुमी धरलीसा, सुटली म्हनून तुमीच सांगायचं."

तो हलेना. तशी सकवारनं व्हरांड्याकडं तोंड करून कानडीत हाक मारली, "देवाप्पा, डॉक्टर बोलावतायत!"

देवाप्पा शहाळं घेऊन आला. सुधींद्रनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानडीत सांगितलं. शहाळं फरशीवर गडगडलं.

सकवारचा पाय सवयीनं पुढं झाला. तिनं तो मागं घेतला, बादली उचलली, अन् कोपऱ्यातल्या खाटेपाशी जाऊन फडकं पिळलं.