भावोजींची कदेल

आमची सुमंगलाताई विसरत नाही, हे तिच्या सासरच्यांना चाळीस वर्षांत कळलं नाही. आम्हाला माहेरी कोरगावात ती नऊ वर्षांची असतानाच कळलं होतं. तिनं वेचलेले काजू एका चुलतभावानं चोरून भाजून खाल्ले. ताई रडली नाही, कोणाला काही बोलली नाही. वर्षभर थांबली आणि पुढच्या मे महिन्यात त्याच्या अंथरुणावर खाजकुइली चोळून ठेवली. आजीनं बदडलं तर ही आपली हसतेय! मी तिची धाकटी बहीण, त्यामुळे मी कधी तिच्या वाटेला गेले नाही.

लग्न होऊन ती सर्वणला गेली. नवरा शांताराम, म्हणजे आमचे भावोजी, खाणीवर ट्रक चालवायचे. देवमाणूस, एकाला दोन बोलणार नाहीत. मूल झालं नाही, त्याचं खापर ताईवर फोडण्यात पहिला होता तिचा धाकटा दीर गोकुळदास. बापानं बांधलेल्या दुमजली घराची वाटणी झाली तेव्हा यानंच खालचा मजला घेतला, वरचा थोरल्या भावाला दिला, जिना आणि खालची देवाची खोली सामायिक ठेवली. मग खालच्या खोल्यांना कुलपं ठोकून हा डिचोलीत, आपल्या दुकानाच्या वर, राहायला गेला.

पुढे भावोजींच्या अंगावरून वारं गेलं. एक बाजू लुळी पडली. ज्या खालच्या सोप्यावर बसून त्यांनी तीस वर्षं पोदेराकडून सकाळचा पाव घेतला, तो सोपा एकदम परगावाला गेल्यासारखा झाला. ताई गोकुळदासकडे गेली, म्हणाली, "खालची एक खोली उघड, त्यांना खाली ठेवते." तर म्हणे आत दुकानाचा माल आहे. माल कसला, उंदरांच्या लेंड्या!

शेवटी ताईनं पाटल्या मोडल्या आणि पणजीहून जिन्याला लावायची विजेची खुर्ची आणवली. पायऱ्यांवर रूळ ठोकायचा, माणसाला बसवायचं, बटण दाबलं की खुर्ची वर-खाली सरकते. आमच्याकडे खुर्चीला कदेल म्हणतात, म्हणून ती जिन्याची कदेल. चवथ आठ दिवसांवर आली होती. या वर्षी गणपतीपुढे आरतीला बसायचं म्हणून भावोजींनी हजामतसुद्धा करून घेतली.

फिटर ड्रिल लावणार एवढ्यात गोकुळदास पहिल्या पायरीवर आडवा उभा. "जिना सामायिक आहे. माझी सही असल्याशिवाय एक भोक पाडायचं नाही."

ताईनं हात जोडले. उभ्या जन्मात कोणापुढे न वाकलेल्या माझ्या बहिणीनं या मेल्यापुढे हात जोडले! "सही कर रे गोकुळा, चवथ तोंडावर आलीय."

"बघू," तो म्हणाला. फिटर बिचारा घाबरला, कदेल आणि रूळ सोप्यावर टाकून पणजीला परत गेला. चवथीला खाली आरती चालली होती आणि भावोजी वर, चांगल्या हातानं मांडीवर ताल धरत होते. बघू बघू करत अकरा महिने गेले.

भावोजी खाली उतरले ते मेल्यावरच. जिना अरुंद, चौघं मावेनात. मग त्यांना प्लास्टिकच्या कदेलीत बसवलं, धोतरानं बांधलं आणि तसंच उतरवलं. मान एका बाजूला डुलत होती. ताई वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि मला एकदम कोरगावचं ते अंथरूण आठवलं.

मुलगा नाही, म्हणून क्रिया धाकट्या भावानं करायची. एव्हाना गोकुळदासचेही गुडघे झिजले होते, डॉक्टरनं त्याला जिना चढू नको म्हणून सांगितलं होतं. दहाव्या दिवशी तुळतुळीत डोकं पुसत हा म्हणतो कसा, "वयनी, ती कदेल नाहीतरी पडूनच आहे. तेराव्याला टेम्पो आणतो. तुम्हाला आता तिचा काय उपयोग?"

जीभ कशी झडली नाही याची! मी उसळले, पण ताईनं माझा हात दाबला. "बरं," एवढंच म्हणाली. पांडुरंग भटजी निघाले तेव्हा मात्र त्यांना मागच्या दारी गाठून दोन शब्द बोलली.

बाराव्याला शय्यादान असतं. गेलेल्याच्या नावानं खाट, गादी, छत्री, चपला, तांब्या भटजींना द्यायचा, म्हणजे त्याला पुढच्या वाटेवर काही कमी पडत नाही. आणि एकदा पाणी सोडून दिलेली वस्तू परत मागायची नाही, मागितली तर सात पिढ्यांना पाप. सोप्यावर सगळं मांडून ठेवलं होतं, त्यावर नवी कोरी चादर. गावकर जमले होते. गोकुळदास खाली बसता येत नाही म्हणून स्टुलावर बसला होता आणि सारखा घड्याळ बघत होता.

भटजींनी विचारलं, "चादरीखालचं सगळं द्यायचं ना?"

"सगळं, सगळं. आटपा लवकर, माझे गुडघे भरून आलेत."

त्यानं तळहातावरून पाणी सोडलं. ताईनं चादर ओढली. खाटेला लागून कदेल होती, रुळासकट.

गोकुळदास ताडकन उठला, गुडघेसुद्धा विसरला. "हे काय? मेलेल्या माणसाला जिन्याची कदेल कशाला?"

"तेही वरच चढताहेत, गोकुळदास," ताई म्हणाली. आवाज जराही चढला नाही. "आणि त्या जिन्याला तुझी सही लागत नाही."

एक म्हातारे गावकर खाकरले, तेवढंच. पाणी त्याच्याच हातानं सुटलेलं, "सगळं" त्याच्याच तोंडचं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तो भटजींचा. त्यांची आई दोन वर्षं माडीवर अडकून पडली होती. आता ती रोज खाली येऊन तुळशीला पाणी घालते.

लोक म्हणतात, सुमंगलानं इतकं मनात ठेवायला नको होतं. नको होतं म्हणे! ज्याचं जळतं त्याला कळतं.

दर बुधवारी डिचोलीचा बाजार भरतो. ताई सर्वणहून येते, मला सोबत घेते आणि गोकुळदासच्या दुकानासमोरच्या हॉटेलात चहा मागवते. अकराच्या सुमाराला तो बाहेरच्या जिन्यानं खाली येतो, बसून, एकेका पायरीवर ढुंगण टेकत. ताईचा चहा निवून जातो, ओठ हलत असतात. मला वाटायचं देवाचं नाव घेते. परवा विचारलं, "काय पुटपुटतेस गो?"

"पायऱ्या मोजते. सतरा आहेत." तिनं कप उचलला. "आमच्या जिन्यालाही सतराच आहेत."