नातीला जंत हवे होते

माझा रिपोर्ट चांगला आला म्हणून घरात कोणी रडलं, असं माझ्या आयुष्यात एकदाच झालं. रडणारी माझी नात. रिपोर्ट शौचाचा. त्यात लिहिलं होतं की माझ्या पोटात जंत नाहीत.

आम्ही मुलुंडला राहतो. मी, मुलगा, सून आणि ही नात. नात पंचविशी ओलांडलेली, अंधेरीला ऑफिसात जाते. मी चौथीपर्यंत शिकले, इंग्रजी येत नाही, म्हणून रिपोर्ट सुनेने वाचला. म्हणाली, "आई, एकदम क्लीन." मी म्हटलं, "असणारच." आणि ही पोरगी सोफ्यावर बसून डोळे पुसायला लागली.

"काय गो, म्हातारी आता जाणार असं वाटलं होतं तुला?"

"तसं नाही गं आजी. वाटलं होतं, निदान एक तरी असेल."

"एक काय?"

"जंत."

मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. पण तिचं डोकं ठीक होतं, पोट बिघडलं होतं. तिच्या मोठ्या आतड्याला आतून सूज येते. कळ येते, रक्त जातं, आणि जावं लागतं तेव्हा लगेच जावं लागतं. अंधेरीच्या बसमधून अर्ध्या वाटेत उतरायची. कांजूरमार्गपासून जोगेश्वरीपर्यंत कोणत्या पेट्रोल पंपावरचा संडास बरा आणि कोणता हॉटेलवाला काही न घेता आत सोडतो, हे तिला पाठ होतं. गोळ्या चालू होत्या. त्यातल्या एका गोळीने चेहरा पुरीसारखा फुगला. कोणी फोटो काढायला लागलं की ही मागे जाऊन उभी राहायची.

मग तिने मोबाईलवर वाचलं की ज्या गावांत लोकांच्या पोटात जंत असतात तिथे हा आजार फारसा दिसत नाही. जंत अंगातली सूज दाबून ठेवतात. परदेशात काही लोक मुद्दाम जंत गिळतात. हे वाचून तिची नजर माझ्यावर पडली. मी मालवणाकडची. लग्न होईपर्यंत पायात चप्पल घातली नाही. अजून सुका बांगडा आणि भाकरी खाऊन दुपारी झोपते, पोट कधी हूं की चूं करत नाही. तिने ठरवून टाकलं की माझ्या पोटात गावचे जुने जंत असणार आणि तेच मला सांभाळत असणार.

मला डबी देताना मात्र म्हणाली होती, "ऑफिसतर्फे घरच्यांची तपासणी आहे." रक्त नको, लघवी नको, तेवढंच हवं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

"समजा निघाले असते," मी विचारलं, "मग काय करणार होतीस?"

"मग तुझ्यातले थोडे मला."

"कसे? वाटीत घालून?"

"तेच बघत होते अजून."

सून उठून स्वयंपाकघरात गेली. आत भांडी लावल्याचा आवाज काढत होती, पण हसत होती, मला कळत होतं.

नातीने मग डोळे पुसले आणि माझ्यावरच घसरली. "सगळं तुझ्यामुळे. तू मारलेस सगळे."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे दसरा झाला की एका रविवारी सगळ्यांनी पोट धुवायचं. आदल्या रात्री वावडिंगाचा काढा, सकाळी उपाशीपोटी एरंडेल, वर गरम पाणी. दिवसभर मऊ भात. माझ्या आईने केलं, मी लग्नानंतर इथे आणलं. चाळीत होतो तेव्हा संडास मजल्यावरच्या सगळ्यांचा मिळून. दसरा झाला की शेजारीण विचारायची, "मावशी, तुमचा रविवार कधी?" मी सांगितलं की त्या रविवारी मजल्यावरचे लोक उजाडायच्या आत आपलं उरकून मोकळे. चाळ पडली, टॉवर झाला, घरातच दोन संडास आले, तरी मी रविवार सोडला नाही. नातीला नाक धरून पाजलंय.

"वंशपरंपरागत होते ते," नात म्हणाली. "लोक जगभर शोधतायत यार, आणि तू एरंडेल देऊन घालवलेस."

"दागिने होते काय गो ते?"

तेवढ्यात सून बाहेर आली. हसणं थांबलं होतं. तिने लेकीला विचारलं, "हे जंत शोधण्याच्या नादात गोळ्या घेतेयस ना?"

नात मोबाईल चाळायला लागली.

"अगं, बोल."

"थांबवल्यात. थोडे दिवस."

"आणि रक्त?"

"येतंय परत."

सून खुर्चीत बसली. हे आतडं असंच सुजत राहिलं तर एक दिवस कापून काढावं लागेल, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आम्हा तिघींना ते आठवलं.

तेव्हा मी नातीला माझ्या बहिणीचं सांगितलं. माझ्या पाठची. परसात अनवाणी फिरायचो, तिकडेच सगळे बसायचे, तेव्हा संडास कोणाकडे होते? पायाच्या बोटांमध्ये खाज सुटायची, ती जंत आत शिरल्याची, हे दवाखान्यातल्या डॉक्टरने नंतर सांगितलं. ती पांढरीफटक पडत गेली. भिंतीची माती खरवडून खायची, आई मारायची तरी खायची. विहिरीपासून घरापर्यंत चालली की बसायची. जंतांनी तिचं रक्त प्यायलं. ती मोठी झालीच नाही.

"म्हणून माझी आई एरंडेल घेऊन मागे लागायची," मी म्हटलं. "आमच्याकडे सूज कमी होती, असेलही. सूज यायला अंगात रक्त लागतं."

नात म्हणाली, "सॉरी आजी."

"सॉरी कशाला? तू मारलंस तिला? उद्या डॉक्टरकडे चल."

तिची डॉक्टर घाटकोपरला बसते. चाळिशीची, चष्मेवाली बाई. मीही गेले, नाहीतर ही पोरगी निम्मं सांगते आणि निम्मं गिळते. मला वाटलं होतं, डॉक्टरीण हिला हाकलून देईल. पण जंतांचं ऐकून ती पुढे सरकून बसली.

"आजी, ती अगदीच चुकीचं बोलत नाही," ती म्हणाली. "तुमच्या बिल्डिंगला वॉचमन आहे ना?"

"आहे. झोपतो."

"शरीरालाही वॉचमन असतो. जंताला वर्षानुवर्षं आत राहायचं असतं, म्हणून तो असं काहीतरी सोडतो की वॉचमन थंड होतो, आरडाओरडा करत नाही. माणसाबरोबर जंत इतकी युगं राहिले की वॉचमनला त्यांची सवय असावी, असं काहींना वाटतं. आता जंत गेले. वॉचमनला काम नाही, तर हिच्यासारख्यांच्या शरीरात तो राहणाऱ्यांनाच काठी मारतो."

"मग वॉचमन शांत राहावा म्हणून घरात चोर ठेवायचा?"

डॉक्टरीण हसली. "तोच तर प्रश्न आहे. डुकराच्या जंताची अंडी रोग्यांना देऊन पाहिली. काहींना बरं वाटलं, पण नीट ताडून पाहिलं तेव्हा खोट्या औषधापेक्षा फारसा फरक दिसला नाही. आणि जंत काही आपल्या सांगण्यात राहत नाही. एखाद्याची सूज वाढवतोही. आता लोक शोधतायत की तो सोडतो काय. तेवढंच काढून त्याचं औषध करता आलं, तर जंताची गरज नाही."

नातीने विचारलं, "कधी येईल?"

"माहीत नाही. तोपर्यंत हे आतडं टिकवायचं आहे. गोळ्या आजपासून. चेहरा फुगवणारी गोळी हळूहळू कमी करत बंद करू, दुसरं औषध देऊ. पण मनाने काही बंद करायचं नाही. घरगुती काही घेतेस?"

नातीने माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहणार होते, पण मग माझ्यात आणि तिच्यात फरक काय?

"एरंडेल," मी म्हटलं. "दसऱ्यानंतर."

डॉक्टरणीने चष्मा काढला. "आजी! सुजलेल्या आतड्यावर एरंडेल?"

नात जी हसायला लागली ती थांबेना. बाहेर बसलेले रोगी डोकावून बघायला लागले. दिवसभर तोंड पाडून बसलेली पोरगी माझी खरडपट्टी निघाल्यावर फुलली. मी म्हटलं, हस.

घरी येताना रिक्षात तिने मला बजावलं, "तू रविवार बंद, मी मोबाईलवरची डॉक्टरकी बंद."

"तुझ्यापुरता बंद. माझा मी करीन."

ती सकाळी गोळ्या घ्यायला लागली, माझ्यासमोर, मी चहा घेताना. जीभ बाहेर काढून दाखवायची, लहान पोरासारखी. लगेच काही झालं नाही. मधे एकदा पुन्हा बिघडलं, सून रडली, औषध बदललं. मग हळूहळू रक्त थांबलं. चेहऱ्याची सूज उतरली, हनुवटी परत दिसायला लागली.

एका सकाळी ती गेल्यावर तासा-दीड तासाने फोन आला. मला वाटलं, वाटेत उतरली.

"आजी, पोचले."

"कुठे?"

"ऑफिसात. थेट. कुठेच उतरले नाही. खिडकीत बसून झोपले सुद्धा."

"पाकीट सांभाळलंस ना?"

"तुला दुसरं काही सुचत नाही का गं?"

"सुचतं. आज माझ्या चहाआधीच पळालीस, गोळी तुझी इथे टेबलावर दिसतेय मला."

ती म्हणाली, "अरे यार."

"संध्याकाळी येशील तेव्हा बघते तुला," मी म्हटलं. पण मग सुनेने सांगितलं, लेकीच्या बॅगेत तिनेच जास्तीच्या ठेवल्या आहेत. मी पुन्हा फोन लावला आणि ती गोळी गिळल्याचा घोट ऐकूनच ठेवला.