दरवेळी मी बोकड उचलला

शिवकन्यानं नोकरी सोडली त्या दिवशी माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? सगळ्या सोनपेठात माझ्याइतकं कुणाच्या पोटात दुखलं नसंल.

व्यंकटरावांच्या कापड दुकानात आमी दोघी साड्या दाखवायला. मी पंधरा वर्षांपासून, ती नऊ. उन्हाळ्यात योगीराज म्हून नवा पोरगा ठेवला. साडीची घडी घालायला त्याला शिवकन्यानंच शिकवलं, अन् पयल्याच महिन्यात त्याचा पगार तिच्या दीडपट. तिनं सरळ मालकाला इच्यारलं. मालक म्हणले, "बाई, बाप्यामाणसाला घर चालवायचं असतंय."

"मग माझं घर कोण चालवायलंय, मालक?" एवढंच म्हणली ती. हातातल्या साडीची घडी पुरी केली, चपला घातल्या अन् निघाली.

मी तिथंच उभी. माझाबी पगार त्या पोरापेक्षा कमी. पण मी गिऱ्हाइकापुढं दुसरी साडी उलगडली. तिच्या घरी तीसेक शेळ्या हायत, माझ्या घरी काय हाय? कूलर.

अन् त्या शेळ्या, माय, माझ्याच शेळीची पैदास. सात वर्षांमागं भावानं मला एक शेळी दिली होती. दुकानात बसणाऱ्या बाईच्या अंगाला शेळीचा वास यावा, हे मला पटंना. म्हून शिवकन्याला अर्धलीनं दिली. शेळी माझी, राखायची तिनं, पिल्लं दोघींत निम्मी. पयली निवड मालकिणीची. मी दरवेळी बोकड उचलायची. ईदच्या बाजाराला रोख पैसा येतो, अन् मादीला वर्षभर कोण खाऊ घालणार? ती गुमान मादी घेऊन जायची. मी मनात हासायची, येडी हाय म्हून. शेळी म्हातारी व्हायच्या आत तीबी इकून टाकली मी. तिकडं तिची सासू दगडाबाई दिवसभर रानात शेळ्या चारायची. माद्या व्यायल्या, त्यांच्या माद्याबी व्यायल्या.

गिऱ्हाइकं इच्यारायची, ती दुसरी बाई कुठं हाय? मी म्हणायची, माजली. दिवाळीत तिचंबी काम माझ्याच अंगावर पडलं. पगार वाढवा म्हणले तर मालक हासले. "तुमाला कुठं जायचंय, कुसुमबाई?"

खरंच होतं ते, म्हून लय झोंबलं. दुसऱ्या इतवारी शिवकन्याच्या दारात गेले. ती शेळ्यांना पाला टाकायली होती. मी खाली बघूनच म्हणले, "एक शेळी दे अर्धलीनं."

वाटलं, आता टोमणा मारंल. मी असते तर मारला असता. तिनं एक गाभण शेळी सोडून दोरी माझ्या हातात दिली. "तुमच्याच शेळीची नात हाय, आक्का."

व्याली तवा एक बोकड झाला, एक मादी. पिल्लं दुधावरून तुटल्यावर शिवकन्या वाटणीला आली. आता मालकीण ती, पयली निवड तिची. मादीच नेणार, मला ठावं होतं. मी तर दावंबी सोडून ठेवलं होतं.

तिनं बोकड काखेत घेतला.

"मादी ऱ्हाऊ द्या तुमाला," म्हणली. "बोकडावर नोकरी सुटत न्हाई, आक्का."

ती गेल्यावर मी त्या पिल्लाजवळ बसून लय रडले. इतकं चांगलं वागायची काय गरज होती तिला? आता मन भरून जळायचीबी सोय ऱ्हायली न्हाई.