कोपराखाली सहा बोटं

दहिवलीच्या पुढं आमचं गाव. गावात ज्या ज्या घरातून चूल गेली आणि ओटा आला, त्या त्या घरची बाई गोमा गवंड्याच्या काठीवर होती. गोमाकाका टेप वापरत नसे असं नाही. भिंतीला टेप, दाराला टेप. पण ओट्याला टेप लावायचा नाही. घरच्या बाईला भिंतीशी उभं करायचं, कोपर दुमडायला सांगायचं, कोपराखाली सहा बोटं मोजायची आणि तिथं काठीवर कोयत्यानं खाच पाडायची. ओटा त्या खाचेला. "टेपाला काय म्हाईत, भाकरी कोन थापनार हाय," असं तो म्हणायचा.

या माणसाच्या हातून आयुष्यात एकच ओटा चुकला आणि तो नेमका आमचा.

तीस वर्षं झाली त्याला. बाबांनी विटांचं घर बांधायला काढलं, तेव्हा भाताच्या झोडणीचे दिवस होते. आई खळ्यावर. गोमाकाका म्हणाला, वैनीला बोलवा. बाबांना जन्मभर सगळ्याचीच घाई. "ती कुठं येतेय खळं सोडून? पारूचं माप घे, ती पन बाईच हाय," म्हणाले. पारूआत्या म्हणजे बाबांची बहीण. ती जुन्या घराच्या दारातून जाताना वाकायची आणि आई तिच्या खांद्याला लागायची. पण मालक सांगतोय म्हटल्यावर गोमाकाकानं खाच पाडली. संध्याकाळी आई घरी आली आणि नव्या ओट्याशी उभी राहिली, तर वाण्याच्या दुकानात पोर उभं राहावं तशी दिसत होती. बाबा पोट धरून हसले. गोमाकाका हसला नाही. त्यानं तिथंच आईला भिंतीशी उभं करून माप घेतलं आणि म्हणाला, "उद्या तोडतो, परत बांधतो." बाबांनी तोडू दिलं नाही. मग आईच्या पायाखाली एक लाकडी पाट आला. त्याच्यावर उभं राहून तिनं तीस वर्षं रांधलं.

गणपतीला गोमाकाका दर्शनाला यायचा. देवाच्या पाया पडून झालं की स्वयंपाकघरात डोकावायचा, पाट तिथंच आहे हे बघायचा आणि मग बसायचा. "वैनी, माझी चूक रायली." आई चहा देताना दरवर्षी तेच सांगायची, "राहू द्या भावजी. देवेश काम काढील तवा तुमीच करा." देवेश म्हणजे मी. हे बोलणं मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते कुणी मनावर घेत असेल असं मला कधी वाटलंच नाही.

गेल्या वर्षी मी काम काढलं. कडाप्पा तडकला होता, मोरीचं पाणी भिंतीत मुरत होतं आणि झुरळांनी तर सातबाऱ्यावर नाव लावायचंच बाकी ठेवलं होतं. हर्षला, माझी बायको, कर्जतला शाळेत शिकवते. तिनं चौकटीच्या वहीत नकाशा काढला. गॅस कुठं, बेसिन कुठं, डबे कुठं. आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "आईंना विचारा, त्यांना कसं हवंय." मी म्हणालो, "तिला काय कळतंय यातलं." हे वाक्य मी बोललो आहे. कुणी दुसऱ्यानं नाही.

आईनं एकदाच विषय काढला. "गोमाला सांगितलंस का रं?"

"त्याच्याच्यानं आता होत नाही, आई. हात हलतो त्याचा."

"मंग विचार तरी त्याला. आपला शब्द हाय."

मी हो म्हणालो आणि विचारलं नाही. खरं सांगायचं तर हाताचं निमित्त होतं. रसायनीच्या माझ्या कंपनीतले दोघेतिघे नवं किचन झालं की बघायला येणार होते. त्यांच्यापुढं गोमाकाकाचा ओटा दाखवायची मला लाज वाटत होती. नेरळला ऋतिक नावाच्या इंटिरियरवाल्याचं दुकान आहे. त्यानं मोबाईलवर आमचंच स्वयंपाकघर असं काही दाखवलं, की त्यातली सफरचंदंसुद्धा आमची वाटली. ट्रॉल्या, काळा ग्रॅनाइट, वर चिमणी. मी जागच्या जागी काम त्याला दिलं. घरी येऊन त्याच्या माणसानं लेसरचा लाल ठिपका भिंतीवर फिरवला. ओट्याची उंची किती, असं मी विचारलंही नाही. त्यानंच सांगितलं, "चौतीस इंच, सर. स्टँडर्ड." आई तेव्हा दारातच उभी होती.

दोन दिवसांनी गोमाकाका आला. कुणाकडून तरी कळलं असणार. अंगात धुतलेला सदरा, खिशात चष्मा, हातात ती काठी.

"काम काढलंस म्हनं?"

"अजून ठरलं नाही, काका. दिवाळीनंतर बघू."

"वैनीला उभं करू का? जुनी खाच हाय माज्याकडं, पन मानूस वयानं खचतं. परत घेतलेली बरी."

"आई झोपलीय," मी म्हणालो. आई मागच्या अंगणात वाल सोलत होती. गोमाकाका चहा पिऊन, काठी टेकत गेला.

त्याच आठवड्यात ग्रॅनाइटचा टेंपो गावात आला आणि नाक्यावर त्यानं पत्ता विचारला. नाक्यावर बसलेला होता गोमाकाका. तो टेंपोपुढं चालत आमच्या दारापर्यंत आला. आमच्या गल्लीत वळायला जागा नाही, म्हणून मागं उभं राहून हात हलवत त्यानं टेंपो रिव्हर्स घेऊन दिला. दगड उतरेपर्यंत थांबला. मी घरातच होतो. बाहेर आलो नाही.

किचन झालं. खरंच सुंदर झालं, खोटं कशाला बोलू. कंपनीतले आले, वाहवा करून गेले. आईनं विचारलं, "माझा पाट कुठाय?" तो जुन्या ओट्याच्या डबरात गेला होता. नवा आणतो म्हणालो आणि नाही आणला, कारण त्या चकचकीत फरशीवर पाट कसा दिसेल, हाही एक प्रश्न मला पडला होता. आई टाचा उंचावून रांधायला लागली. पंधरा दिवसांत भात वेळताना, पेज काढायला टोप कलता केला तर त्याचं तोंड तिच्या छातीशी आलं आणि उकळती पेज कोपरापर्यंत हातावरून गेली. ती मोरीत हात धरून उभी राहिली आणि हर्षलाला म्हणाली, "भात बघ गं, करपंल."

ऋतिकला फोन केला. ओटा खाली घेता येणार नाही म्हणाला. ग्रॅनाइट तुटेल, खालच्या ट्रॉल्या बसणार नाहीत. त्याचंही खोटं नव्हतं.

मग मी गोमाकाकाकडं गेलो. तो अंगणात खाटेवर बसला होता. शेजारी शिराळ्याचा मांडव, आणि मांडवाच्या खांबाला जोडून, खालचं टोक जमिनीवर टेकवून, ती काठी बांधलेली. खाचांमध्ये वेलाचे तंतू अडकले होते.

"काठी इथं का बांधलीत, काका?"

"आता कुनाचं माप घ्यायचंय? तुमचा ओटा रायला होता, म्हनून ठेवली होती."

आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी आईच्या हाताचं सांगितलं. तो म्हणाला, "पाट काढलास काय तिचा?"

"डबरात गेला," मी म्हणालो.

"तो मीच केलता. सेंटरिंगच्या फळीचा. तुजा बाप ओटा तोडू देईना, मंग दुसरं काय करनार? माजी चूक तेवढी तरी झाकली होती."

तीस वर्षं तो गणपतीला आमच्या स्वयंपाकघरात काय बघायला यायचा, हे मला तेव्हा कळलं. आई मात्र जाणून होती. एकदा बसून तिला विचारलं असतं, तर तिनं मला सांगितलं असतं.

"जा, घेऊन ये वैनीला," गोमाकाका म्हणाला. "नवा पाट तरी बरोबर होऊ दे."

हाताला पट्टी बांधलेली आई आली. मांडवाशी, काठीला पाठ लावून उभी राहिली. गोमाकाकानं कोपराखाली सहा बोटं मोजली, कोयता उचलला आणि खाली ठेवला. हात हलत होता. "तू पाड रं," मला म्हणाला. मी वेल बाजूला केला. गोमाकाकानं बोट ठेवून आईची जुनी खाच दाखवली. नवी तिच्याही खाली दोन बोटं आली. आई खरंच खचली होती आणि रोज समोर असून मला ते दिसलं नव्हतं.

"झालं काय?" आईनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

आमच्या घरात दोनदा ओटा झाला. दोन्ही वेळा आईचं माप ओटा झाल्यावर घेतलं गेलं.