बंदर शोधत आलेली पाहुणी

देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि पेपरात रोज कुठलं ना कुठलं संस्थान विलीन झाल्याची बातमी असायची. मी तेव्हा बुऱ्हाणपूरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्यामुळेच एका रविवारी स्टेशनमास्तरांनी एका गोऱ्या बाईंना टांग्यात बसवून थेट बुधवारा भागात आमच्या घरी पाठवलं.

बाई हॉलंडच्या. जुन्या बंदरांवर तिकडच्या एका मासिकात लिहायच्या. सुरत पाहून आल्या होत्या. हॅट काढून ओसरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "इथलं बंदर किती लांब आहे?"

मला आधी कळेचना. सुरतेत त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की जहाजांतून जाणारं उत्तम कापड बुऱ्हाणपूरचं असायचं. दोन्ही गावं तापीवरच, तेव्हा हेही बंदर असणार, असं त्यांनी धरलं होतं.

"कापड इथून बैलगाड्यांनी जायचं," मी म्हटलं. "समुद्र तिकडेच राहिला, सुरतेला."

त्यांचा चेहरा उतरला. मग एकाएकी त्या अशा हसत सुटल्या, की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं.

"मग त्यात काय! आधी जेवू घाल तिला. मग घाटावर नेऊ. बंदर नसलं म्हणून गाव काय दाखवायचं नाही?"

त्या दिवशी मांडे होते. सासूबाई हातांवर फिरवत मांडा हातभर मोठा करायच्या आणि पालथ्या खापरावर टाकायच्या, ते पाहून पाहुणीलाही हुरूप आला. तिचा मांडा कोपरालाच चिकटला. सासूबाई मराठीत समजावत होत्या, ती तिच्या भाषेत उत्तरं देत होती, आणि दोघींचं छान जमलं होतं.

संध्याकाळी आम्ही तिघी राजघाटावर गेलो. सासूबाई जन्मात नावेत बसल्या नव्हत्या. पाहुणीने हात पुढे केला तेव्हा नाही म्हणवेना. डोळे मिटून, तिचं मनगट घट्ट धरून त्या बसल्या. मध्यावर आल्यावर त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि घाटावरच्या बायकांना ओरडून म्हणाल्या, "अगं ए, इकडे बघा, मी नावेत आहे!" वरती किल्ल्याची भिंत उन्हाने तांबूस झाली होती. पाण्यातून तो किल्ला मीही पहिल्यांदाच पाहत होते.

निघताना बाई म्हणाल्या, "या गावाबद्दल तुम्हीच इंग्रजीत लिहा. मी डचमध्ये भाषांतर करीन."

मी बादशहांपासून सुरुवात केली आणि कागद फाडला. पुन्हा लिहिला, पुन्हा फाडला. शेवटी हे म्हणाले, "अगं, माहेरी गेल्यावर बहिणीला सांगतेस तसं सांग की." मग मात्र हात थांबला नाही. कापडाच्या गाड्या, माव्याची जिलबी, नदी, सासूबाई, सगळं आलं.

बऱ्याच महिन्यांनी मासिक आलं. लिपी इंग्रजीचीच, भाषा अगम्य. चाळता चाळता एका ओळीत 'सासूबाई' दिसलं. बाईंनी तो शब्द तसाच ठेवला होता.

"आई, ह्या तुम्ही."

त्यांनी चष्मा लावून ओळ निरखली. "नावेत ओरडले, ते पण लिहिलंयस?"

"लिहिलंय."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि मासिक घेऊन शेजारी निघाल्या.