दारातली जिजी

हिराजिजी कुठेही गेली तरी दारातच बसायची. लग्नघरात, दवाखान्यात, बँकेत, माझ्या घरीसुद्धा. "आत या हो जिजी, पंख्याखाली बसा," म्हटलं की ती उंबऱ्यालगत फतकल मारायची आणि म्हणायची, "आठेच बेस शे. आठेथून मजारलं बी दिखस, बाहेरलं बी दिखस." मग आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला तिला ओलांडून जावं लागायचं. "जिजी, जरा पाय घ्या" म्हटलं तर पाय घ्यायचं सोडून ती त्यालाच विचारायची, "कोठे चालना रे?"

मी धुळ्याची. नोकरीच्या निमित्ताने शहादा तालुक्यातल्या या गावात शिक्षिका म्हणून आले आणि जिजीच्या भिंतीला भिंत लावून राहिले. निवृत्त झाले तरी गाव सुटलं नाही. जिजी मला शेवटपर्यंत मास्तरीन म्हणाली. माझा चहा तिला कधी आवडला नाही आणि ते तिने कधी लपवलं नाही. आमच्या घरांसमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे सत्संग भवन. जिजीचं अर्धं आयुष्य त्या भवनातल्या एका खोलीच्या दारात गेलं. ती तिथे का बसायची, हे आता गावात कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

भवनात पूर्वी एक म्हातारे बापजी होते. गुजरातकडून आलेले, हळू बोलणारे, दोन्ही वेळेला खिचडी खाणारे. संध्याकाळच्या सत्संगानंतर बायका त्यांच्या खोलीत जाऊन मन मोकळं करायच्या. नवरा पितो, सासू छळते, मूल होत नाही. जिजी तेव्हा तरुण होती, नुकती विधवा झालेली, भवनाच्या स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ निवडायची. बापजींनी तिला बोलावलं आणि म्हणाले, "हिराबेन, सूप घेऊन माझ्या खोलीच्या दारात बसत जा. दार उघडं राहू दे. ऐकू येईल इतक्या जवळ नको, दिसेल इतक्या जवळ." जिजीला वाटलं, बायकांवर लक्ष ठेवायचं आहे. बापजी हसले. "त्यांच्यावर नाही, माझ्यावर," म्हणाले.

हे वाक्य जिजीने आयुष्यभर पदराला गाठ मारून ठेवलं. बापजींचा तिला केवढा अभिमान! पण अभिमान असला म्हणून तिने त्यांना कधी सवलत दिली नाही. एकदा वाऱ्याने दार लोटलं गेलं, तर बिचारे बापजी स्वतः उठून ते उघडायला आले, कारण जिजी बाहेरून ओरडत होती, "बापजी, दार!" कुणी सून पाय धरायला वाकली की दारातून आवाज यायचा, "दूरथून, माय, दूरथून. नमस्कार दूरथून बी पोचस." आणि खोलीतून बाहेर पडलेल्या बाईला इतर बायकांनी "काय विचारलं गं?" म्हणून घेरलं की जिजी सूप आपटायची. "लोकस्नं दुख काय प्रसाद शे का, वाटाले?"

बायका तिच्यावर वैतागायच्या. ती खडूस होतीच. पण आपल्या पोरीबाळींना भवनात पाठवताना आया हळूच विचारायच्या, "जिजी आहे ना आज?"

म्हातारे बापजी गेले आणि काही वर्षांनी नवे आले. तरुण, देखणे, गळा गोड. मोबाइलवर त्यांचं प्रवचन सुरतेपर्यंत ऐकलं जायचं. गर्दी वाढली, भवनाला रंग लागला, मंडप पक्का झाला. आमच्याकडे देणाऱ्यांना कमी नाही. कापसाचं, केळीचं पीक साधलं की कुणी पंखा देतो, कुणी बाकडं, कुणी पाण्याची टाकी, आणि प्रत्येक वस्तूवर कुणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून नाव असतं. आमच्या भवनात मेलेल्या माणसांच्या नावावर बसायचं आणि मेलेल्या माणसांच्या नावाचं वारं खायचं, असं मी चेष्टेने म्हणायची. जिजीला ती चेष्टा फार आवडायची. मग एका वर्षी सुरतेच्या एका भक्ताने बापजींच्या खोलीसाठी एसी दिला.

एसी आला आणि दार लागलं. इतकं साधं झालं ते. कुणी जिजीला ऊठ म्हटलं नाही, नियम बदलला असं कुणी म्हटलं नाही. ट्रस्टचे अध्यक्ष वसंतभाऊ समजुतीनेच म्हणाले, "जिजी, दार उघडं ऱ्हायनं ते थंडाई बाहेर जास. लाइट बिल कितलं येस!"

"मंग पंखा मरी गया का?" जिजी म्हणाली.

सगळे हसले. जिजी हसली नाही. तिने सुपाची कड दाराच्या फटीत सरकवली आणि तिथेच बसून राहिली. सेवेकरी पोरं ते सूप काढायची, ती पुन्हा सरकवायची. एकदा कुणीतरी दार ओढून घेतलं आणि सुपाची कड मोडली. तिने ती सुतळीने बांधली. मोडकं सूप घेऊन ती बंद दाराबाहेर बसायची, तेव्हा येणारे-जाणारे तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

मग भारतीचं झालं. भारती माझी शाळेतली जुनी विद्यार्थिनी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, परीक्षेच्या धास्तीने तिची झोप उडाली होती. तिची आई तिला बापजींकडे घेऊन आली. दुपारची वेळ होती. मी मंडपात हार ओवत बसले होते. जिजी आईला म्हणाली, "तू बी मजार जाय संगे." आई म्हणाली, "बापजींनी तिला एकटीलाच बोलावलंय, जिजी. मन मोकळं बोलता येतं." दार लागलं. जिजी निवडत बसली. थोड्या वेळाने तिने हात थांबवला, उठली, दार ढकललं. ते हललं नाही. आतून कडी होती.

जिजीने सुपाने दार बडवायला सुरुवात केली. डाळ सगळीकडे उडाली. कडी निघाली आणि भारती बाहेर आली. ओढणी दोन्ही मुठींत घट्ट धरलेली. आईकडे पाहिलंसुद्धा नाही तिने. जिजीला म्हणाली, "जिजी, माले घर जानं शे." तेवढंच बोलली. पुन्हा ती भवनात आली नाही आणि परीक्षेलाही बसली नाही.

जिजीने ट्रस्टची बैठक बोलवायला लावली. मी तिच्याबरोबर गेले. बापजी प्रवचनासाठी बाहेरगावी होते, किंवा तसं सांगण्यात आलं. पुरुष खुर्च्यांवर बसले होते. जिजी दारातच उभी राहिली आणि तिने एकच प्रश्न विचारला, "कडी कसाले लावेल व्हती? एसीले कडी लागस का?"

मला क्षणभर वाटलं, आता हे लोक काहीतरी करतील. मला खरंच तसं वाटलं. वसंतभाऊ म्हणाले, "जिजी, पोरनं लगीन व्हवानं शे. तिन्हं नाव कसाले काढतस?"

"मी पोरनं नाव लिधं नही. मी कडीनं नाव लिधं."

तेव्हा भारतीचे वडील उठले. हात जोडून म्हणाले, "काहीच झालेलं नाही. जिजीला आता नीट दिसत नाही." आणि खाली बसले. मी म्हणाले, मला दिसतं, मी तिथे होते, कडी आतूनच होती. त्यावर मला सांगण्यात आलं की मास्तरीनबाई, तुम्ही बाहेरगावच्या, तुम्ही यात पडू नका. गावात माझी सगळी नोकरी झाली होती.

आम्ही दोघी भारतीच्या घरी गेलो. पोलिसांत जायचं असेल तर दोघी साक्षीला येऊ, असं सांगायला. तिच्या आईने उंबऱ्यातच अडवलं. "ताई, जिजी, हात जोडस. आते बस करा." आणि तिने दार लावून घेतलं. तिचा राग मला आला नाही. पोर तिचीच होती, गावातही तिलाच राहायचं होतं.

भवनातून जिजीला निरोप आला, आता वय झालं, आराम करा. मग ती स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या दारात सूप घेऊन बसू लागली. रस्त्यापलीकडे भवनात जाणाऱ्या प्रत्येक बाईला हाक मारायची, "एकली नको जाऊ, माय!" आधी बायका मान डोलवायच्या, मग पलीकडच्या कडेने जाऊ लागल्या. जिजीला भ्रम झाला, असं बोललं जाऊ लागलं. तिच्याकडे लग्नकार्याचं बोलावणं येईना. ज्या बायकांनी कधी काळी "जिजी आहे ना आज?" विचारलं होतं, त्याच आता लेकींना सांगायच्या, तिकडे बघू नको.

भारतीचं लग्न घाईत झालं, तिला गुजरातेत दिलं. पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी आली. पोरी झोक्यावर होत्या, गाणी चालली होती. भारती आमच्या ओट्यासमोरून गेली आणि जिजीला पाहून तिने मान फिरवली. मला फार लागलं. जिजीला म्हटलं, "बघा, जिच्यासाठी एवढं केलं..." जिजी डाळीतले खडे काढत होती. म्हणाली, "मन्हं तोंड देखीसन तिले तेच याद येत व्हई. नको बोलू दे." थोडं थांबून म्हणाली, "मास्तरीन, माले दार लवकर बडवानं व्हतं."

ती गेली ती साध्या तापाने. शहाद्याच्या दवाखान्यात मी जवळ होते. तिचा मुलगा नाशिकला असायचा; तो पोहोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. दहाव्याला भवनात शोकसभा झाली. वसंतभाऊ फार छान बोलले. जिजीने देह झिजवला, अशी सेवा पुन्हा होणे नाही, असं म्हणाले, आणि मला वाटतं ते मनापासून म्हणाले. नव्या बापजींनी तिच्या फोटोला हार घातला.

मुलाला आईच्या नावाने काहीतरी द्यायचं होतं. त्याने ट्रस्टला विचारलं, कशाची गरज आहे? त्याला सांगितलं गेलं, बापजींच्या खोलीचं दार फुगलंय, नीट बसत नाही, थंडावा बाहेर जातो. मला कळलं तेव्हा मी त्याला घरी बोलावून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, आई तर गेली. ऑर्डर दिलीय मी." चांगला मुलगा आहे तो. आईसाठी काही करायला मिळालं म्हणून त्याला बरं वाटत होतं.

दार सागवानी आहे, जाडजूड. वर ते स्प्रिंगचं यंत्र बसवलंय, सोडलं की आपोआप लागतं, आवाजसुद्धा होत नाही. बाहेरच्या अंगाला पितळी पाटी आहे: कै. हिराबाई यांच्या स्मरणार्थ. दार बाहेर उघडतं, त्यामुळे उघडलं की ती पाटी भिंतीकडे जाते. आत कुणी गेलं आणि दार लागलं, की मंडपातून तिचं नाव स्वच्छ वाचता येतं.